बडोद्यात जुनी होंडा सिव्हिक: निवडण्यापासून रोज चालवण्यापर्यंत

आठव्या पिढीची होंडा सिव्हिक भारतात २००६ साली आली आणि २०१३ मध्ये बंद झाली. १७९९ सीसीचं आर१८ इंजिन, १३० च्या आसपास अश्वशक्ती, मागच्या चाकांना डबल विशबोन (दोन आडव्या दांड्यांचं) सस्पेन्शन आणि ड्रायव्हर अगदी खाली, जमिनीजवळ बसलेला. जपानमध्ये याच चार दारांच्या बॉडीवर २००७ साली २२५ अश्वशक्तीची टाइप आर निघाली होती. आपल्याकडच्या गाडीत ती ताकद नाही, पण वळणावरची पकड आणि स्टिअरिंगचा नेमकेपणा त्याच घराण्यातला आहे. नीट राखलेली सिव्हिक आजही चालवायला सुरेख लागते.

आता यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा बारा-तेरा वर्षांची झाली आहे. या वयात इंजिन सहसा त्रास देत नाही. त्रास देतात रबर, कूलिंग, वायरिंग आणि आधीच्या मालकाने केलेले जुगाड. त्यामुळे ओडोमीटरवरचा आकडा पाहून हुरळू नका. ६० हजार किलोमीटर चाललेली, पण वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी दीड लाख चाललेल्या आणि वेळेवर सर्व्हिस झालेल्या गाडीपेक्षा जास्त पैसे खाते.

आधी कागद

गाडी पाहायला जाण्यापूर्वी आरसी बुकाचा फोटो मागवा आणि नोंदणीची तारीख बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल किंवा संपत आली असेल तर फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि त्यानंतर मुदतवाढ पाच वर्षांची मिळते. मोटारीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ साली ती १०,००० रुपये झाली. म्हणजे २००६ ची गाडी घेत असाल तर हा दुसरा आकडा धरून भाव करा. मुदत संपून गेलेली असेल तर उशिराचे महिन्याला ५०० रुपये वेगळे. मुदतवाढ विकणाऱ्याने करून द्यावी, असा आग्रह धरा. 'दरजीपुऱ्याच्या आरटीओत आपली ओळख आहे, नंतर होऊन जाईल' हे उत्तर मान्य करू नका.

जीजे-०६ ची, म्हणजे बडोद्यातच नोंदवलेली गाडी घेणं सगळ्यात सोपं. दिल्लीच्या वयोमर्यादेच्या नियमामुळे तिकडच्या सिव्हिक स्वस्तात बाहेर पडल्या आणि बऱ्याच गुजरातेत आल्या. त्यातल्या काही उत्तम आहेत. पण एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात असल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि इथला कर किती लागेल ते आधी विचारून घ्या. मुंबईच्या किनाऱ्यालगत राहिलेली गाडी असेल तर खालचा पत्रा, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट आणि ब्रेकचे पाइप रॅम्पवर घेऊन पाहा. तिथला गंज वरून दिसत नाही.

इन्शुरन्सचाही हिशोब करा. इंजिन १५०० सीसीच्या वरचं असल्यामुळे फक्त थर्ड पार्टीचाच हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ७,८९७ रुपये आहे, अधिक जीएसटी.

टाकाटा कंपनीच्या एअरबॅगसाठी होंडाने भारतात ज्या गाड्या परत बोलावल्या त्यात सिव्हिकही होती. चेसिस नंबर होंडाच्या अधिकृत डीलरकडे देऊन ते काम झालं आहे का ते विचारा. बाकी असेल तर इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारा भाग, मोफत बदलून मिळतो. हे काम टाळण्यासारखं नाही. जुना इन्फ्लेटर फुटला तर धातूचे तुकडे थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येतात.

चाव्या दोन आहेत का पाहा. चावीत इमोबिलायझरची चिप असते. एकच चावी असेल तर दुसरी प्रोग्रॅम करून घेण्याचा खर्च भावातून वजा करा.

पुराचं पाणी शिरलं होतं का?

बडोद्यात ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ मध्ये शहरात शिरलं आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर पुन्हा शिरलं. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा या भागांत उभ्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी साफसूफ होऊन परत बाजारात आल्या. शाम्पू केलेली सीट आणि चकचकीत डॅशबोर्ड म्हणजे गाडी कोरडी राहिली होती, असं नव्हे.

पुढचा सीटबेल्ट पूर्ण टोकापर्यंत ओढा. शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर पाणी सीटच्या वर गेलं होतं. मग सीट मागे-पुढे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. वरवर पुसलेल्या गाडीतही त्या बोल्टांच्या खाचांत लालसर गंज राहतो. डिकीतली स्टेपनी काढा आणि खालच्या खोलगट भागात बोट फिरवा. विश्वामित्रीचा गाळ बारीक आणि राखाडी असतो. तो सांध्यांत जाऊन बसला की सहज निघत नाही. ड्रायव्हरच्या पायाशी बाजूची प्लास्टिकची पट्टी हाताने ओढली की निघते. तिच्या मागच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या तर तिथूनच परत फिरा. एअरबॅगचा कंट्रोल युनिट मधल्या कन्सोलखाली, जमिनीच्या पातळीवर असतो. त्यात पाणी गेलेलं असलं की आज ना उद्या एअरबॅगचा दिवा लागतोच.

चावी फिरवल्यावर एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिन हे चारही दिवे लागून विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही तर बल्ब काढून टाकलेला असू शकतो. दिवा कायम जळत राहण्यापेक्षा हे वाईट, कारण दोष मुद्दाम लपवला आहे.

सीएनजी बसवला होता का?

गुजरातेत हा प्रश्न वगळता येत नाही. सीएनजी किट नंतर काढून टाकलं, तरी खुणा राहतात: इनटेक मॅनिफोल्डला पाडून बुजवलेली चार भोकं, डिकीच्या तळाला बोल्टची भोकं, इंजेक्टरच्या वायरिंगला टेपचे जोड. आरसीवर इंधन काय लिहिलंय आणि गाडीत प्रत्यक्ष काय आहे, हे जुळलं पाहिजे. किट अजून बसलेलं असेल तर टाकीच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टचं सर्टिफिकेट मागा.

सीएनजीवर चाललेली सिव्हिक घेऊच नये असं नाही. पण तिच्या टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीबद्दल, खाली सांगितलेलं काम पहिल्याच आठवड्यात झालं पाहिजे.

चालवून पाहताना

इंजिन थंड असताना पोहोचा. विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

स्टार्ट केल्यावर एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर चालेल. ती टिकून राहिली तर बेल्टचा ऑटो टेन्शनर किंवा टायमिंग चेन बघावी लागेल. आर१८ ला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ठरावीक किलोमीटरला ती बदलावी लागत नाही, पण वर्षानुवर्षं कमी ऑइलवर चाललेल्या इंजिनात ती सैल पडते. डिपस्टिक काढून बघाच. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालकाची सवय कळते.

गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते का? मग गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे सगळं एकाच वेळी होईल असं धरून भाव कमी करा.

इंजिन सुरू असताना पूर्ण गाडी थरथरते आणि ऑटोमॅटिकमध्ये डी किंवा रिव्हर्स टाकल्यावर जास्त हादरते, तर माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ते रबरी आधार, गेलेत. बेल्टच्या बाजूचा, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूचा वरचा माउंट हायड्रॉलिक आहे. तो फुटला की त्यातून काळपट तेल गळून खाली चिकटलेलं दिसतं. बाजारातला साधा भरीव रबरी माउंट स्वस्त पडतो, पण त्याने स्टिअरिंगपर्यंत कंप येतो. हा एक पार्ट मूळचाच घ्यावा.

२००६ ते २००९ च्या सुमाराच्या काही आर१८ इंजिनांमध्ये ब्लॉकला तडा जाऊन कूलंट बाहेर झिरपण्याचा दोष निघाला होता. अमेरिकेत होंडाने त्यासाठी वॉरंटी वाढवून दिली. टॉर्च घेऊन ब्लॉकच्या सगळ्या बाजू खालून-वरून पाहा. वाळलेल्या कूलंटची निळसर किंवा पांढरी पापडी दिसली आणि होज कोरडे असतील तर ती गाडी सोडा. वॉटर पंपाखालची पापडी वेगळी, तो बदलता येतो.

मग खराब रस्त्यावर, वीस-पंचवीसच्या वेगाने, काचा खाली करून चालवा. पुढून टकटक आली तर बहुतेक वेळा लिंक रॉड. त्यात काळजी नाही, स्वस्त काम आहे. ब्रेक मारताना धप्प आवाज येऊन गाडी किंचित बाजूला ओढली तर लोअर आर्मचा मागचा बुश. टकटक थेट हातात, स्टिअरिंगमध्ये जाणवली तर रॅक. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्यामुळे रॅकचं काम महाग आहे आणि सेकंडहँड रॅकची खात्री कोणी देत नाही. शेवटी हालोलच्या दिशेने मोकळा रस्ता मिळाला की चौथ्या गिअरमध्ये ३,००० पासून ६,००० आरपीएमपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. ओढ सलग यायला हवी. झटके आले किंवा गाडी मिसिंग मारायला लागली तर कॉइल, प्लग किंवा टॅपेट.

मॅन्युअल घ्यायची की ऑटोमॅटिक? मॅन्युअल घ्या. पाच गिअरची ऑटोमॅटिक टिकाऊ आहे आणि पॅडलने गिअर बदलण्याची मजाही आहे, पण तिचं ऑइल कधीच न बदलणारे मालक फार आणि बिघडली तर नीट दुरुस्त करणारे मिस्त्री थोडे.

पहिल्या महिन्यातली कामं

गाडी घरी आली की आधीची सर्व्हिस झालीच नाही असं समजून सगळे द्रव बदला.

इंजिन ऑइल फिल्टरसह ३.७ लिटर लागतं. चार लिटरचा डबा आणा, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०. ड्रेन बोल्टचा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा टाका आणि बोल्ट ३९ न्यूटन-मीटरवर कसा. तळाचा सम्प ॲल्युमिनियमचा आहे. गॅरेजमध्ये पाइप लावून बोल्ट आवळण्याची सवय असते आणि मग आटे जातात. समोर उभं राहून सांगा. पुढे दर ८,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते.

मॅन्युअल गिअरबॉक्सला सुमारे दीड लिटर होंडाचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास ऑइल). साधं ८० किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल टाकून देणारे खूप भेटतात. त्याने थंडीत पहिला-दुसरा गिअर अडकतो आणि सिंक्रोनायझर घासतात. ऑटोमॅटिकला होंडाचंच डीडब्ल्यू-१ ऑइल. एका वेळी सुमारे २.४ लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काढा, भरा, आठवडाभर चालवा, आणि असं तीनदा करा. मशीन लावून दाबाने फ्लश करू नका.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, आणि क्लचलाही तेच. मागचे पॅड बदलताना लक्ष ठेवा: मागच्या कॅलिपरचा पिस्टन हँडब्रेकशी जोडलेला असल्याने तो फिरवत आत न्यावा लागतो. सी-क्लॅम्पने दाबला तर आतली यंत्रणा मोडते आणि हँडब्रेक कायमचा बिघडतो. गडबडीत काम करणारे फिटर नेमकं हेच करतात.

प्लग इरिडियमचे, ठिणगीचं अंतर तयार १.० ते १.१ मि.मी. असतं, ते ठोकून बदलू नका. १८ न्यूटन-मीटर पुरतात. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, बेल्ट आणि वायपर लगेच बदला, यात विचार करण्यासारखं काही नाही.

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर गाडीला आयडल (ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर गाडी सिग्नलला बंद पडते. एसी, दिवे, ब्लोअर सगळं बंद करा. इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये ३,००० आरपीएम धरा, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत. मग पाय काढून पाच मिनिटं तसंच चालू द्या. एवढंच. या कामासाठी स्कॅनरचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

टॅपेट

हे काम सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त फायद्याचं. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. स्क्रू आणि नट आहेत. सोळा व्हॉल्व्ह, प्रत्येकाची फट वेगळी तपासायची. इनटेकची ०.१८ ते ०.२२ मि.मी., एक्झॉस्टची ०.२३ ते ०.२७ मि.मी.

काळानुसार व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडा थोडा वर सरकतो, त्यामुळे फट वाढत नाही, उलट कमी होते. आवाज येत नाही म्हणून मालकाला सगळं ठीक वाटतं. फट शून्यावर आली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापलेला वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतो आणि कड जळते. सीएनजीवर हे लवकर घडतं, कारण पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हला जो थंडावा देतात तो वायूत नसतो. सकाळी थंड इंजिन अडखळणं आणि गरम झाल्यावर आयडल खालीवर होणं, ही पहिली लक्षणं.

मोजमाप इंजिन थंड असतानाच, सिलिंडर हेड ३८ अंशांच्या खाली असताना करायचं. बडोद्यात मे महिन्यात दुपारी सावलीतच ४२-४३ अंश असतात, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडीही दुपारी मोजायच्या लायकीची नसते. पहाटे सहा-सातची वेळ ठरवा, नाहीतर हे काम डिसेंबर-जानेवारीत करा.

वरचं प्लास्टिकचं कव्हर काढा, चार कॉइल काढून क्रमाने ठेवा, मग हेड कव्हरचे बोल्ट आडवे-तिरपे सैल करा. पुढचं उजवं चाक काढलं की १९ मि.मी.च्या सॉकेटने क्रँक फिरवता येतो. फिरवायचा फक्त घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटा फिरवला तर चेन सैल पडून चुकीचं मोजमाप मिळतं. कॅमच्या चक्रावरची 'अप' खूण वर आणि दोन्ही बाजूंच्या खाचा हेडच्या पृष्ठभागाशी समांतर आल्या की पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, आहे. पहिला म्हणजे चेनच्या बाजूचा. त्याचे चार व्हॉल्व्ह तपासा. मग क्रँक अर्धा फेरा फिरवा, तिसरा सिलिंडर. पुन्हा अर्धा, चौथा. पुन्हा अर्धा, दुसरा.

फीलर गेजची पट्टी हलका अडथळा देत सरकली पाहिजे. सुळकन गेली तर फट जास्त, ढकलावी लागली तर कमी. नट कसताना स्क्रूसुद्धा किंचित फिरतो, म्हणून नट कसल्यानंतर परत पट्टी घालून बघा. बहुतेक चुका याच जागी होतात. एक्झॉस्टला शंका असेल तर ०.२७ च्या बाजूला ठेवा; किंचित टकटक परवडली, जळका व्हॉल्व्ह परवडत नाही. कव्हर परत बसवताना रबरी गास्केट कडक झालेलं असेल तर नवं घ्या. चेन केस आणि हेड जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांत लिक्विड गास्केटचा थेंब द्या, नाहीतर महिन्याभरात तिथूनच ऑइल झिरपायला लागेल.

सरावलेल्या माणसाला दोन-अडीच तास लागतात. पेट्रोलवर दर ४० हजार किलोमीटरला, सीएनजीवर दर २० हजारांना तपासा.

उन्हाळ्यासाठी कूलिंग आणि एसी

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलेलं असेल तर ते पहिल्यांदा बाहेर काढा. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार बारीक नळ्यांत साचतात, आणि मग शहरात सुई ठीक राहते पण एक्स्प्रेसवेवर ११० च्या वेगाला चढायला लागते. तयार मिसळलेलं, सिलिकेट नसलेलं, होंडाच्या टाइप २ प्रतीचं कूलंट सहा लिटर आणून ठेवा. त्यातलं थोडं उरेल. भरताना कॅप उघडी ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून थांबेपर्यंत हवा निघत राहते आणि पातळी खाली जाते, ती भरत राहा.

रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची आहे. ती तपकिरी आणि ठिसूळ दिसायला लागली की पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नका. वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कॅप त्याच वेळी नवे टाका. चौघांची मजुरी एकदाच पडते.

एसी चालू केल्यावर दोन्ही पंखे फिरले पाहिजेत. चालत्या गाडीत गार हवा आणि सिग्नलला गरम, म्हणजे एक पंखा बंद आहे. गॅस भरणारा मात्र आधी गॅसच भरेल. गॅस वजनाने भरायचा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. 'पाइप गार लागला की पुरे' या पद्धतीने जास्त गॅस गेला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. कंडेन्सर पुढे अगदी खाली, उघड्यावर आहे. एक्स्प्रेसवेवरच्या खड्यांनी त्याला भोक पडतं. बंपरच्या जाळीमागे बारीक तारेची जाळी लावून घ्या, मात्र इतकी बारीक नको की वारा अडेल.

सस्पेन्शन, टायर आणि पोट घासणं

पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन मुंबई-पुण्याला निघालं की सिव्हिक उंच गतिरोधकावर घासतेच. मागचे शॉकर आणि स्प्रिंग थकलेले असतील तर रिकामीही घासते. म्हणून आधी शॉकर बदला, मग उंचीचा विचार करा. स्प्रिंगमध्ये रबराचे गोळे अडकवून उंची वाढवणं साफ चुकीचं. वळणावर गाडीचा तोल बिघडतो, आणि ज्या गोष्टीसाठी ही गाडी घेतली तीच जाते.

मूळ टायर १९५/६५ आर १५. २०५/६५ आर १५ घातला तर गाडी साडेसहा मि.मी. वर उचलली जाते आणि स्पीडोमीटरवर १०० दिसताना प्रत्यक्ष वेग १०२ असतो. बडोद्याच्या रस्त्यांना हा बदल योग्य आहे. सतरा इंची चाकं नको. खड्ड्यात रिम वाकतो आणि बुश लवकर जातात. चाकाचे नट १०८ न्यूटन-मीटर.

मागचे टायर आतल्या बाजूने झिजत असतील तर मागचं अलाइनमेंट करून घ्या. मागचा टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) जुळवता येतो, कॅम्बरसाठी (चाकाच्या उभ्या कलासाठी) कंपनीने सोय ठेवलेली नाही. बरेच जण फक्त पुढचं अलाइनमेंट करून पैसे घेतात. चारही चाकांचा छापील रिपोर्ट मागा.

लोअर आर्मचे बुश प्रेसने बसवून घ्यायला मकरपुरा जीआयडीसीतल्या वर्कशॉप उपयोगी पडतात. बुशचे शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसायचे. जॅकवर लोंबकळत असताना कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. आमच्या मते नवे बुश लवकर जाण्याचं मुख्य कारण हेच आहे, मालाची प्रत नव्हे.

बॅटरी तपासताना

इंजिन सुरू असताना मीटरवर १२.५ व्होल्ट दिसले की इलेक्ट्रिशियन 'अल्टरनेटर गेला' म्हणतो. होंडाचा अल्टरनेटर दोन पातळ्यांवर चालतो; लोड कमी असेल तर तो मुद्दाम व्होल्टेज उतरवतो. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण चालू करून मोजा. तेव्हा १३.५ ते १४.७ मिळाले तर अल्टरनेटर ठणठणीत आहे.

इंधन

आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्या काळातली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच्या आसपास असते, त्यामुळे ई१० च्या तुलनेत ॲव्हरेज तीन-चार टक्के कमी होणं साहजिक आहे. खरी काळजी रबराची. इंजिनकडे येणारा इंधनाचा होज आणि इंजेक्टरच्या ओरिंगा वर्षातून एकदा हाताने दाबून, वास घेऊन तपासा. होजला भेगा दिसल्या किंवा तो फुगून मऊ पडला असेल तर लगेच बदला. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

पावसाळा

जूनच्या आधी काचेखालच्या जाळीतली पानं काढा आणि सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांच्या निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या करा. रस्त्यावर पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर आलं की पुढे जाऊ नका. समोरून बस आली तर तिची लाट त्याहून वर येते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून कोरड्या जागी आणा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, टो करून न्या. प्लग काढून, हाताने क्रँक फिरवून पाणी बाहेर काढल्यावरच स्टार्ट करायची. विश्वामित्रीची पातळी वाढत असल्याची सूचना आली की गाडी बेसमेंटमधून काढून उंच जागी न्या. रात्र होईपर्यंत थांबू नका.

पार्ट आणि मिस्त्री

पार्ट मागताना 'सिव्हिकचा' असं सांगू नका, चेसिस नंबर द्या. डीलरच्या काउंटरवर त्यावरून पार्ट नंबर काढून मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. मग तोच नंबर घेऊन बाजारात भाव विचारता येतो. ऑइल फिल्टर सिटी आणि जॅझलाही लागतो, म्हणून तो कुठेही मिळतो. इंजिन माउंट, थर्मोस्टॅट, सेन्सर आणि सील मूळचे घ्या. ब्रेक पॅड, शॉकर, लिंक रॉड, बेअरिंग चांगल्या कंपनीचे बाहेरचे चालतात. हेडलाइट, बंपर, आरसे भंगारातून बघायला हरकत नाही. स्टिअरिंग रॅक, एअरबॅग आणि ब्रेकचे भाग भंगारातले कधीच नको.

जो मिस्त्री टॉर्क रेंच वापरतो आणि जुना पार्ट न मागता हातात देतो, त्याच्याकडे जा, गॅरेज लांब असलं तरी. काढलेला प्रत्येक पार्ट, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. एक्झॉस्ट बदलणं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप करणं या गोष्टींवर खर्च करण्याआधी चारही शॉकर, सगळे बुश आणि चांगले टायर झालेले असावेत. हे केल्यावर बदलाची गरज बहुतेकांना उरत नाही.

डिकीत कायम ठेवा: एक लिटर इंजिन ऑइल, एक लिटर तयार कूलंट, १० आणि १७ चे पाने, एक जादा इग्निशन कॉइल, फ्यूज, टॉर्च. कॉइल महामार्गावर गेली तर दहाच्या पान्याने पाच मिनिटांत बदलता येते. तीन सिलिंडरवर तशीच पन्नास किलोमीटर ओढत आणली, तर न जळलेलं पेट्रोल जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळतो.